मोरीत पडलेल्या आजीची नोंद

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून असलेल्या नगर जिल्ह्यात, रोज दोन-तीन म्हाताऱ्या माणसांचे खुब्याचे हाड मोडत असावे. हा आकडा कुठल्या सरकारी अहवालातला नाही. तो माझा अंदाज आहे, आणि तो कसा बांधला ते आधीच सांगते. हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात काही डॉक्टरांनी खुब्याच्या अस्थिभंगांची मोजदाद केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. पन्नाशीपुढच्या दर एक लाख माणसांमागे वर्षाला १२९ जणांचा खुबा मोडतो, असे त्यांना आढळले. पुरुषांत हे प्रमाण १०५ होते, बायकांत १५९. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४५ लाख ४३ हजार होती. त्यातली साडेसात लाख माणसे पन्नाशीपुढची धरली आणि त्यांना रोहतकचा दर लावला, तर वर्षाला हजाराच्या आसपास खुबे मोडतात. चौदा तालुक्यांत वाटले तर तालुक्याला सत्तर. गेल्या दहा-बारा वर्षांत म्हाताऱ्यांची संख्या वाढलीच आहे, तेव्हा हा हिशेब हात राखून केलेला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या देशांतल्या बायकांत खुबा मोडण्याचे प्रमाण आपल्या कित्येक पट आहे. मग आपण कशाला घाबरायचे? पण प्रमाण कमी असले तरी माणसे कमी होत नाहीत. जगात १९९० साली सुमारे साडेसोळा लाख खुबे मोडले होते. तेव्हाच अभ्यासकांनी सांगून ठेवले होते की २०५० पर्यंत ही संख्या साठ लाखांच्या पुढे जाईल आणि त्यातले निम्मे रुग्ण आशियात असतील. शिवाय रोहतकमध्ये मोजले गेले ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलेले लोक. जी म्हातारी घरीच राहिली, जिला तेलाने चोळून खाटेवर निजवले आणि जी महिना-दीड महिन्यात गेली, ती त्या १२९ मध्ये नाही. आपल्याकडचे प्रमाण कमी दिसण्यात तिच्या गैरहजेरीचाही वाटा असणार, असे मला वाटते.

खुबा मोडायला काही तरी भयंकर घडावे लागते, ही आपली जुनी समजूत. नगरकरांना मेहेरबाबांचे उदाहरण ठाऊक असते. २ डिसेंबर १९५६ रोजी साताऱ्याजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला, खुब्याला जबर इजा झाली आणि १९६९ साली देह ठेवेपर्यंत चालणे त्यांना त्रासाचेच राहिले. पण सत्तरी ओलांडलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या बाईला मोटारीचा अपघात लागत नाही. उभ्या जागेवरून कुशीवर पडणे तिला पुरते, आणि असे पडायला आपण घरोघरी सोय करून ठेवली आहे. आपल्याकडे बरीच माणसे गावठाणाबाहेर वस्तीवर, शेतात राहतात. संडास घरापासून वीस पावलांवर, दोन पायऱ्या चढून, धरायला काही नाही. रात्री लघवीला उठलेल्या आजीला एका डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे पायरीची कड दिसत नाही. रक्तदाबाच्या गोळीमुळे उठल्याबरोबर अंधारी येते. जुन्या घरात जमीन सारवलेली होती, नव्या बंगल्यात गुळगुळीत फरशी आली, आणि तिच्यावर सांडलेले पाणी दिसतसुद्धा नाही. मोरीत शेवाळलेला कोपरा असतो. गोठ्यात म्हैस ढुसणी देते. नातवाच्या मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसलेली आजी गतिरोधकावर उसळते आणि खाली येते. यातली एकही गोष्ट दैवाने घडवलेली नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पाइपचा एक दांडा करून भिंतीत बसवला आणि संडासाच्या वाटेवर एक दिवा लावला, तर यातली किती तरी पडणी टळतील.

पडल्यानंतर काय होते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे चुकीचे निर्णय याच ठिकाणच्या गैरसमजातून निघतात. मांडीचे हाड वरच्या टोकाला कमरेच्या वाटीत बसते. तिथे त्याला गोळा असतो आणि गोळ्याखाली अरुंद मान. हाड मानेत मोडले तर गोळ्याला होणारा रक्तपुरवठाच तुटतो. म्हातारपणी ते सहसा जुळत नाही, म्हणून गोळा काढून त्या जागी धातूचा बसवतात. मानेच्या खाली मोडले तर रक्तपुरवठा चांगला असतो आणि हाड जुळते. पण त्याला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर माणसाला निजून राहावे लागते. पूर्वी तेच करत. पायाला वजन लावायचे, कित्येकदा विटाच बांधून लटकवायच्या, आणि वाट पाहायची. हाड जुळायचे, माणूस जायचे. आज आत रॉड टाकतात आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला बसवतात.

हे ऑपरेशन हाड जुळवण्यासाठी असते, असे घरच्यांना वाटते. म्हणून ते विचारतात, ‘आता या वयात हाड जुळून कुठं शेतात जायचंय?’ प्रश्न त्यांच्या परीने बरोबरच आहे. पण ऑपरेशनचे पहिले काम दुखणे थांबवणे आणि दुसरे काम माणसाला अंथरुणातून उठवणे. कारण जीव घेते ते अंथरूण. ऐंशी वर्षांचे शरीर सतत उताणे पडून राहिले की छातीत कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. कुल्ह्यांवर, टाचांवर फोड येतात आणि ते हाडापर्यंत जातात. लघवीत जंतुसंसर्ग होतो. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, एखादी फुफ्फुसात जाऊन अडकते. दुखण्याने जेवण सुटते, स्नायू झरझर वाळतात. चार-पाच दिवसांत म्हातारी बरळू लागते, मुलाला भावाच्या नावाने हाक मारते, आणि घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. यातल्या बहुतेक गोष्टी लवकर उठवून बसवल्याने टळू शकतात किंवा सौम्य होतात. जगभरच्या अभ्यासांत खुबा मोडलेल्यांपैकी पाचातला एक ते तिघांतला एक वर्षाच्या आत दगावतो. ऑपरेशन न होता निजून राहिलेल्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त असते.

हे मरण कागदावर कुठेच दिसत नाही. घरी मृत्यू झाला की ग्रामपंचायतीत घरचे सांगतील ते कारण लिहिले जाते: वृद्धापकाळ, फार तर हृदयविकार. सहा आठवड्यांपूर्वी ती मोरीत पडली होती, ही गोष्ट नोंदीत येत नाही. बाळंतपणात बाई दगावली तर आरोग्य खात्यात तिच्या मृत्यूची चौकशी होते. गाडी कधी बोलावली, कधी आली, रक्त का मिळाले नाही, हे विचारले जाते. ही पद्धत अनेक वर्षांच्या झगड्याने आली आणि तिने बायकांचे जीव वाचवले. पडून मेलेल्या आजीबद्दल असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

आता सगळ्यात अवघड जागेकडे येते. उशीर बहुतेक वेळा घरात होतो. पहिला दिवस तेल लावण्यात जातो. दुसऱ्या दिवशी हाडवैद्याकडे नेतात; तो चोळतो, पट्टी बांधतो. ‘मुका मार आहे, बसेल’ असे कुणीतरी म्हणते. मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसलेली असतील तर म्हातारी चार पावले चालतेसुद्धा आणि सगळ्यांची खात्रीच पटते. मग एक्स-रे होतो. मग चाकणला किंवा रांजणगावला कंपनीत असलेल्या मुलाची वाट पाहिली जाते, कारण सही त्याने करायची. तो येतो तेव्हा आठवडा सरलेला असतो आणि तो डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो, ‘वय ब्याऐंशी आहे, सोसंल का?’ खाटेवरून आई म्हणते, ‘मला घरी न्या. पोरांना खर्चात घालू नका.’ आणि तिला घरी नेतात.

या नकाराला आपण तिची इच्छा मानतो आणि तिचा मान राखला असे समजतो. मला ते मान्य नाही. जिचे नाव सातबाऱ्यावर नाही, जिच्या हातात महिन्याला श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये येतात आणि तेही कुणीतरी बँकेतून काढून आणावे लागतात, जिने आयुष्यभर स्वतःचे दुखणे सगळ्यांच्या जेवणानंतर सांगितले, तिने खर्चाचे नाव घेऊन दिलेला नकार मोकळा नाही. तिला कुणी सांगितलेलेच नसते की घरी नेल्यावर पुढे काय होईल. पाठीला फोड येतील, लघवीसाठी प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागेल, कूस बदलताना ओरडावे लागेल. ऑपरेशनची भीती तिला दाखवली जाते आणि अंथरुणाची भीती तिच्यापासून लपवली जाते. निवड करायची तर दोन्ही बाजू तिच्यासमोर, तिला समजेल अशा बोलीत, मांडायला हव्यात आणि उत्तर तिच्याकडूनच घ्यायला हवे. मुलाकडून, पुतण्याकडून, गावच्या पुढाऱ्याकडून घ्यायचे नाही.

मुलांना दोष देऊन मोकळे होणेही मला जमत नाही. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी, मुलीच्या लग्नाचे देणे डोक्यावर असताना, घरात एकदम मोठा खर्च उभा राहिला की माणूस हादरतो. आणि सेवा कोण करते? सून. शेतातले काम, गुरे, मुलांच्या शाळा यांच्याबरोबर सासूचे सगळे अंथरुणातले. आजी उठून बसली, वॉकर धरून संडासाला गेली, तर त्याचा पहिला लाभ या सुनेला होतो. या कारणासाठीसुद्धा ऑपरेशनच्या बाजूने बोलले पाहिजे.

काही माणसांना ऑपरेशन नको, हेही खरे आहे. नेदरलँड्समध्ये वृद्धाश्रमांत राहणाऱ्या, आधीच फार खंगलेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवले होते. ज्यांनी ऑपरेशन नको म्हटले, त्यांतले बहुतेक महिनाभरात गेले, पण त्यांचे शेवटचे दिवस ऑपरेशन झालेल्यांपेक्षा वाईट नव्हते. हा अभ्यास मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे तो ‘बघा, गरज नव्हतीच’ म्हणून वापरला जाईल. त्या लोकांना दुखू नये यासाठी भरपूर औषध होते, रोज बघायला माणूस होते, आणि निर्णय उघड चर्चा करून घेतला होता. आपल्या खेड्यात मॉर्फिन सहज मिळत नाही. पॅरासिटामॉलवर मोडक्या खुब्यासह घरी पाठवलेल्या आजीची त्यांच्याशी तुलना करता येणार नाही.

पैशांची बाजू पूर्वीसारखी बंद राहिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी पाच लाखांपर्यंत वाढवले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची तरतूद झाली. पण कार्ड पडल्यानंतर काढायचे नसते. आधार कार्डावरचे वय चुकलेले, बोटांचे ठसे कष्टाने झिजून मशीनवर न उमटणारे, मोबाइल नंबर पुण्याच्या मुलाचा. या भानगडी निस्तरायला चार दिवस लागतात आणि ते चार दिवस खुब्याला परवडत नाहीत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाचे कार्ड धडधाकट असतानाच काढून घेणे हे ग्रामसेवक आणि आशाताई यांचे काम म्हणून ठरले पाहिजे.

वेळेचा मुद्दा इंग्लंडने फार कष्टाने शिकून घेतला. तिथे २००७ मध्ये मोडलेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. २०१० पासून ३६ तासांच्या आत ऑपरेशन, म्हातारपणाच्या आजारांच्या डॉक्टरांची तपासणी, पुन्हा पडू नये म्हणून उपाय, हे सगळे झाले तरच दवाखान्याला जादा पैसे मिळू लागले. २००७ ते २०११ या काळात महिनाभरात मरणाऱ्यांचे प्रमाण दहा-अकरा टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांपर्यंत उतरले. नवे औषध नाही, नवा रॉड नाही. मोजणे आणि वेळ पाळणे एवढेच. घाई किती करायची यालाही मर्यादा आहे. भारतासह सतरा देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन झालेल्यांची तुलना चोवीस तासांत झालेल्यांशी केली होती. मृत्यूंत फरक पडला नाही, मात्र बरळणे कमी झाले आणि माणसे लवकर उभी राहिली. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न सहा की चोवीस तासांचा नाहीच. तो तिसरा दिवस की दहावा दिवस असा आहे. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीहून संगमनेरला, जामखेडहून पाऊणशे किलोमीटर नगरला, ही अंतरे आहेतच. पण २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगर, संगमनेर, श्रीरामपूर इथे हाडांचे शल्यविशारद आहेत. गावात कुणी पडले आणि एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळले आहे, पाय उचलता येत नाही, तर चोळायचे नाही, उभे करायचे नाही, त्याच दिवशी एक्स-रे काढायचा. सर्पदंश झाल्यावर कुणी उद्या बघू म्हणत नाही, तीच घाई इथे हवी.

आणि येणारी वर्षे आजच्याहून कठीण असतील, असे मला वाटण्याचे एक कारण आपल्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोड मजूर एकट्या बीडचे नसतात. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातूनही टोळ्या जातात. पाळी नैसर्गिकरीत्या थांबण्याआधी गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर हाडांना जपणारे स्त्रीसंप्रेरक एकदम थांबते, आणि हाडांची झीज बरीच वर्षे आधी सुरू होते. नुसते गर्भाशय काढले तरी पाळी थांबण्याचे वय थोडे अलीकडे येते. त्यात कोवळ्या वयातले लग्न, दूध-कडधान्य कमी, डोक्यावर मोळ्यांचे ओझे. पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या या बाया साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या खुब्यांचे काय? त्यांच्यासाठी हाडांची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज असेल तिथे औषध हे आजच सुरू व्हायला हवे. त्या प्रश्नाची चर्चा शस्त्रक्रियांपाशी थांबली आणि त्या बायकांच्या उरलेल्या आयुष्यापर्यंत पोचली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हे सगळे या जिल्ह्याला का सांगायचे? कारण मोजून मरण हटवण्याचा रस्ता याच जिल्ह्याने जगाला दाखवला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्या भागात तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे पावणेदोनशेच्या आसपास बाळे वर्षाच्या आत मरत होती. त्यांनी मोठ्या दवाखान्यापासून सुरुवात केली नाही. गावातल्याच, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या बायकांना शिकवले. या बायकांनी घरोघर जाऊन कोण गरोदर आहे, कुठल्या बाळाचे वजन घटले हे बघितले, नोंदवायला मदत केली आणि बालमृत्यू काही दशकांत ओसरले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच जामखेडमध्ये पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूट तयार होऊ लागले. बाळ मरणे हे नशीब आहे असे मानणाऱ्या गावांनी ते मानणे सोडले, ही तिथली खरी कमाई. म्हातारीचा खुबा मोडणे आणि तिचे जाणे आज त्याच नशिबाच्या खात्यात टाकले जाते.

आज नवजात बाळ दवाखान्यातून घरी आले की आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जाते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस ठरलेला. खुब्यात रॉड टाकून घरी आलेल्या आजीकडे आरोग्य खात्याचे कुणी ठरवून जात नाही. तिला कुणी उभे करते का, पाठ लाल झाली का, जेवते का, हे बघायला हीच सहा भेटींची पद्धत वापरता येईल. त्याच भेटीत मोरीतला दांडा आणि रात्रीचा दिवा बघता येईल. दुसरा खुबा मोडू नये म्हणून औषध सुरू झाले का, हे विचारता येईल. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक अॅसिड खुबा मोडल्यानंतर तीन महिन्यांत दिले तर पुढचे अस्थिभंग सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी घटतात, हे २००७ सालीच सिद्ध झाले आहे. या भेटींचे मानधन आशाताईंना वेगळे मिळाले पाहिजे. आधीच वाकलेल्या पाठीवर फुकटचे ओझे नको.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून कागदावर आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा कक्ष आणि प्राथमिक केंद्रात आठवड्याचा दवाखाना आहे. त्यांच्या रजिस्टरात चार रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही: केव्हा पडली, केव्हा दवाखान्यात आली, केव्हा ऑपरेशन झाले, तिसाव्या दिवशी कशी आहे. खासगी दवाखान्यांकडूनही हीच चार उत्तरे मागवता येतील. जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे दर तीन महिन्यांनी तालुकावार तक्ता ठेवता येईल. सगळे चौदा तालुके एकदम जमणार नसतील तर पहिले वर्ष जामखेड आणि पाथर्डी, म्हणजे ऊसतोड कुटुंबांचे दोन तालुके, घ्यावेत. दुसऱ्या वर्षी लांबच्या अंतरांचा अकोले घ्यावा. सत्तर नावांचा तक्ता एका तालुक्याला जड नाही.